सुटलेला मुक्काम

राहीबाईला गाणं येतं असं कुणी म्हटलं की तिचं डोकं फिरतं. गाणी लग्नात म्हणतात, गाणी मोबाईलवर वाजतात. आपण म्हणतो ती वाट, असं ती बजावून सांगते, आणि समोरचा हसला तर त्याच्याशी दोन दिवस बोलत नाही. अबोला धरण्यात तिचा हात धरणारं माणूस अख्ख्या वाडीत नाही.

ही वाडी म्हणजे महाडजवळच्या नाते गावाच्या अलीकडे, गांधारी नदीच्या वरच्या अंगाला टेकाडावर वसलेली एकोणीस घरांची कातकरवाडी. या वाडीत आणि आसपासच्या चार-पाच वाड्यांत एक रीत आहे. माणूस गेलं की दहाव्या दिवशी सकाळी घरापुढे तांदळाची मूठ आणि पाण्याचा तांब्या ठेवायचा, आणि वाट म्हणणाऱ्या बाईनं त्या माणसाला जिथून आलं तिथं पोचवायचं. जिथं मेलं तिथून सुरुवात करायची आणि उलट चालत, एकेक मुक्काम घेत, त्याची नाळ पुरली त्या जागेपर्यंत न्यायचं. जिथं चूल मांडून एक तरी हंगाम काढला तो मुक्काम. कातकऱ्याचे मुक्काम ते किती असावेत! अर्धं वर्ष वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर, कुणाच्या तरी बागेत राखणीला. कधीकधी सकाळी सुरू झालेली वाट ऊन डोक्यावर आलं तरी संपत नाही. त्या प्रत्येक जागेला कातकऱ्यांचं स्वतःचं नाव आहे, आणि ते कुठल्याही नकाशात सापडायचं नाही. मुक्कामाचं नाव घ्यायचं, तिथं चूल कुणाबरोबर मांडली त्याचं नाव घ्यायचं, मग पुढं निघायचं. एकही सुटता कामा नये. सुटला, तर माणूस तिथंच बसून राहतं.

आणि एका माणसाची वाट एकदाच म्हणायची. दुसऱ्यांदा म्हणता येत नाही.

हे सगळं राहीबाई आपल्या आईकडून शिकली. तिचा जन्म रस्त्याकडेच्या एका वीटभट्टीवर झाला आणि दुसऱ्या दिवशी आई कामाला उभी राहिली, असं ती सांगते. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण तीन पिढ्यांचे मुक्काम तिला तोंडपाठ. कुणाचा आजा कुठल्या साली कुठल्या ओढ्यावर होता ते तिला विचारावं. तालुक्याच्या कचेरीत जातीच्या दाखल्यासाठी गेलेल्या पोरांकडे पन्नास सालाच्या आधीचा कागद मागतात, तेव्हा पोरं हात हलवत परत येतात आणि राहीबाईच्या ओट्यावर बसून आजाची वाट ऐकतात. दाखला त्यानं मिळत नाही. पण घरी जाताना पोरांची मान जरा वर असते.

तिचा नवरा सहदेव. हसतमुख, नदीत हात घातला की चिंबोरी घेऊनच वर येणारा, आणि एका जागी बूड न टेकणारा. त्यांचा मुलगा भरत सात वर्षांचा होता, त्या साली सहदेव आंबेनळी घाटाच्या पायथ्याला कोळशाच्या भट्टीवर गेला. आठ महिन्यांनी सगळे परतले, तो नाही परतला. तिथं तुळसा नावाची एक बाई होती. दोन पावसाळे गेले. मग एका शिमग्याला खांद्यावर गाठोडं घेऊन तो घरी हजर. राहीबाईनं काही विचारलं नाही. त्याच्यापुढे भाकरी ठेवली आणि बोलली ती थेट पुढच्या पावसाळ्यात. त्यानंतरची बावीस वर्षं त्यानं तिच्याबरोबर नीट काढली. पण ते दोन पावसाळे तिच्या पोटात जे रुतून बसले ते बसलेच.

नऊ वर्षांपूर्वी तापाचं निमित्त होऊन सहदेव गेला. दहाव्या दिवशी वाट म्हणायला दुसरं होतं कोण? बायकोच बसली. सारी वाडी पुढ्यात. आवाज न थरथरू देता ती एकेक मुक्काम मागं नेत राहिली. पोलादपूरचा पूल आला. त्याच्या वर उंबरपाणी, तीच ती भट्टीची जागा. तिथं ‘चूल कुणाची, तर तुळसाची न् सहदेवाची’ असं म्हणणं आलं. राहीबाईनं श्वास घेतला आणि पुलावरून सरळ पुढच्या वीटभट्टीवर गेली. कुणीतरी खोकलं. कुणीतरी मांडी बदलली. वाट म्हणणारीला मध्ये टोकायचं नसतं, त्यामुळे सगळे गप्प राहिले, आणि नंतरही गप्पच राहिले. राहीबाईनं स्वतःला सांगितलं की आपण विसरलो. ज्या बाईला तीन पिढ्यांचं पाठ ती नवऱ्याचे दोन पावसाळे विसरली म्हणे!

नऊ वर्षं हे झाकलेलं राहिलं, आणि आणखी राहिलं असतं. पण सेजल कविता करायला लागली.

सेजल ही भरतची मुलगी, राहीबाईची नात. आश्रमशाळेत शिकली, आता महाडला कॉलेजात. शाळेत पहिल्या दिवशी ती घरच्या बोलीत बोलली तेव्हा वर्ग खोखो हसला आणि बाईंनी ‘शुद्ध बोल’ म्हणून बसवलं. पोर चार वर्षं वर्गात जवळजवळ मुकी होती. ती बारावीला असताना तिनं पहिली कविता लिहिली ती त्याच बोलीत, ज्या बोलीचं तिच्याकडं ना पुस्तक होतं ना शब्दकोश. कसं लिहायचं हेही तिचं तिनंच ठरवलं. मग फोन घेऊन आजीसमोर बसली आणि वाटा उतरवून घ्यायला लागली. राहीबाईला आधी हसू आलं, मग गंमत वाटली, मग एवढा अभिमान वाटला की शेजारणींना उगाचच बोलावून पोरीपुढे बसवायची.

“आजोबांची वाट सांग ना गो,” सेजल एकदा म्हणाली. “वाट परत म्हनत नाय,” राहीबाईनं सांगितलं. “म्हनू नको. नुसते मुक्काम सांग, मी लिवते.” सांगण्यात बाध नव्हता. राहीबाईनं सांगितले. पोलादपूरचा पूल आला, आणि ती तशीच पुढं गेली.

नऊ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, महाडात एका सभागृहात कार्यक्रम होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत ओल्या छत्र्यांचा वास. साहेब लोकांची भाषणं झाली, हारतुरे झाले, कोणत्यातरी शाळेचं नृत्य झालं. मग सेजलचं नाव पुकारलं. आधी तिनं स्वच्छ मराठीत सांगितलं, “ही कविता कातकरी बोलीत आहे. माझ्या आजोबांची वाट आहे.” आणि मग सुरू केली. मराठीत आणली तर तिची सुरुवात अशी होते:

आमच्याकडं सातबारा नाय,
आमच्याकडं वाट हाय.
कागद भिजतो, कागद जळतो,
आजीच्या तोंडात गाव हाय.

पुढे मग आजोबांचे मुक्काम. एकेका जागेचं नाव आलं की सभागृहातून कुणीतरी हुंकार भरायचं, कारण ती जागा त्याच्याही बापाची होती. मागं उभे असलेले दोन म्हातारे रडत होते. समोर बसलेले साहेबसुद्धा कागद चाळायचे थांबले. पोरीनं शेवटी आजोबांची नाळ पुरलेल्या जागेचं नाव घेतलं, तेव्हा टाळ्या थांबेनात. एक पोरगा जागेवर उभा राहून ओरडला, “ह्यो आमचा पुरावा!”

पहिल्या रांगेत राहीबाई बसली होती. आपलं खोटं आपल्या नातीच्या तोंडून, एवढ्या लोकांत, माईकवरून आलं होतं, आणि लोक त्याला पुरावा म्हणत होते. तिला त्या क्षणी उठून पळावंसं वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर चपला शोधायच्या गर्दीत एक बाई तिच्यापुढे उभी राहिली. हाडांची काडं झालेली, दम्यानं छाती वरखाली होत होती. एवढ्या वर्षांत दोघी एकदाही समोरासमोर आल्या नव्हत्या, पण ओळखायला वेळ लागला नाही.

“पोरीनं चांगलं म्हटलं,” तुळसा म्हणाली. “पन एक मुक्काम ऱ्हायला.”

राहीबाईनं चपला पायात सरकवल्या.

“भांडाया नाय आले गो. माझं काय, आज हाय उद्या नाय. कोळशानं छाती खाल्ली माझी.” तिला खोकल्याची उबळ आली, ती भिंतीला धरून थांबली. “तो उंबरपान्याला बसलाय. मी लाकडाला जाते तवा दिसतो. काय बोलत नाय, मागत नाय. नऊ वर्सं झाली. किती बसंल मानूस?”

“त्याची वाट म्हनून झालीय,” राहीबाई म्हणाली. “परत म्हनता येत नाय.”

“त्याची नाय. माझी म्हन. मी मेले की तूच ये. उंबरपानी येईल, तिथं त्याचं नाव घे न् उठीव त्याला.”

रीत तशी होती, आणि ती दोघींनाही माहीत होती. सुटलेल्या माणसाला उठवता येतं ते फक्त त्याच्याबरोबर त्या जागी चूल मांडणाऱ्याच्या वाटेत. पण उठलेलं माणूस मग त्याच वाटेनं चालतं. जिची वाट, तिच्या नाळेपर्यंत तिच्याबरोबर जातं. मध्येच त्याला दुसरीकडं वळवायचं नसतं.

“तुजी नाळ कुठं?” राहीबाईनं विचारलं.

“तुडीलला. खाडीच्या काठाला.”

“म्हंजे तो तुडीलला जाईल. तुझ्यासंगं.”

“मला ठावं हाय,” तुळसा म्हणाली. “मी मागाया नको होतं. पन तो बसलाय गो तिथं.”

राहीबाई पावसात चालती झाली.

पुढचे दोन महिने तिनं कुणाला काही सांगितलं नाही, आणि ते तिला सुखानं पचलंही नाही. सेजलच्या कविता पुस्तिका करून छापून आल्या. चाळीस पानं, वर वाडीच्या टेकाडाचं चित्र. वाडीवाडीतून पोरं ती मागायला लागली. तुडीलकडच्या एका लग्नात कुणीतरी ती कविता म्हटली, असा निरोप आला. सेजल हरखून सांगत होती आणि राहीबाई तांदूळ निवडता निवडता तोच तोच दाणा उचलत होती.

“छापल्यालं पुसता येतं का गो?” तिनं एके दिवशी विचारलं.

“का? काय चुकलं?”

तेव्हा राहीबाईनं सांगितलं. सगळं सांगितलं. तुळसाचे दोन पावसाळे, पोलादपूरचा पूल, गाळलेला मुक्काम, आणि चपलांच्या गर्दीतलं बोलणं.

सेजल भडकली. “मी स्टेजवर म्हटलं गो! आपलं कुठंच कागदावर काय नाय म्हनून मी हे लिवलं. लोकं रडली. आन् तू त्यात…”

“साहेबानं करावं तसं मी केलं,” राहीबाई म्हणाली. “मानूस होतं, कागदावर घेतलं नाय.”

हे ऐकून सेजलला रडू कोसळलं. राहीबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, कारण ठेवायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत होतं.

दिवाळी झाली आणि आठवड्याभरात आंबेनळीखालच्या वाडीतला हैबती निरोप घेऊन आला. हा तुळसाचा भाचा, तिला शेवटपर्यंत त्यानंच बघितलं. “आत्या गेली. गुरवारी दहावा हाय,” तो ओट्यावर न बसताच म्हणाला. “तिनं सांगून ठिवलंय, राहीबाईच पायजे. दुसरी नको.”

राहीबाईनं अंग दुखतं म्हणून सांगितलं. हैबती मान हलवून गेला. दोन दिवस ती खरोखरच अंथरुणावर पडून होती, पण अंग काही दुखत नव्हतं. सत्तरीला टेकलेल्या बाईनं मेलेल्या सवतीवर जळावं, याची तिला लाजही वाटत होती आणि जळणं थांबतही नव्हतं. सहदेव तिच्या घरी परत आला होता, तिच्याजवळ म्हातारा झाला होता, तिच्या मांडीवर गेला होता. त्या बाईच्या वाट्याला आले दोन पावसाळे. आणि आता कायमचा तो तिचा होणार? आपण गेलो तर नवरा तिचा. नाही गेलो तर तो उंबराखाली बसलेला, एकटा, कोळशाच्या राखेत. त्याला तर एका जागी घडीभर बसवत नसे. या दोन्हीतून तिसरी वाट निघते का, हे तिनं दोन दिवस शोधलं. निघाली नाही.

गुरुवारी पहाटेच तिनं सेजलला हलवलं. “चल. पोलादपूरची गाडी धराया पायजे.”

तुळसाचं घर म्हणजे कुडाची एक खोली. दारात दहा-पंधरा माणसं बसली होती. वाट म्हणायच्या आधी घरच्यानं मुक्काम सांगायचे असतात, तसे हैबतीनं बोटं मोजत सांगितले. उंबरपाण्याला आला तेव्हा तो अडखळला आणि राहीबाईच्या तोंडाकडे बघायला लागला. “पुढं सांग,” राहीबाई म्हणाली. “ते मला म्हाईत हाय.”

ती बसली. तांदळावर हात ठेवला. सेजल मागं वही घेऊन बसली होती.

पहिला मुक्काम ते घरच. तिथून तुळसाला उठवलं. दुसरा उंबरपाणी. पण राहीबाईचा आवाज तिथं जरासुद्धा हलला नाही.

इथं चूल कुनाची? तुळसाची न् सहदेवाची.
दोन पावसाळे जाळ केला, दोन पावसाळे घास खाल्ला.
ऊठ रं सहदेवा, राख झटक.
तुजी चूक नव्हती. म्हननारी चुकली.

हे शेवटचं वाटेत नसतं. कुणी कधी म्हटलेलं नव्हतं. बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, पण टोकायचं नसतं, म्हणून कुणी टोकलं नाही.

मग वाट सावित्री नदीच्या काठाकाठानं खाली उतरली. पोलादपूरचा पूल. दोन वीटभट्ट्या. मगरीच्या डोहाजवळची राखणीची झोपडी. प्रत्येक ठिकाणी तुळसाचं नाव, आणि आता मागून चालणाऱ्या सहदेवाचं. असं करत वाट महाडला आली, जिथं उजव्या हातानं गांधारी येऊन सावित्रीला मिळते.

तिथं राहीबाईचा आवाज थांबला.

गांधारीनं वर गेलं की नाते गाव. गावाच्या अलीकडे टेकाड. टेकाडावर एकोणीस घरं आणि त्यातल्या एका घरामागं सहदेवाची नाळ. कितीसं अंतर! दोन ओळींचं काम होतं. ‘सहदेवा, तू वर वळ’ एवढं म्हणायचं. समोर बसलेल्यांत कुणाला काय कळणार होतं? हैबती तरुण, बाकीच्यांना रीत अर्धवट ठाऊक. तुळसा एकटी गेली असती तुडीलला, तिला सवय होतीच एकटीची. राहीबाईच्या ओठांवर ते आलंही. तिला तो दिसत होता, नदीच्या फाट्यावर उभा, घराकडे तोंड करून, तिच्या सांगण्याची वाट बघत.

एका बाईला वाटलं म्हातारी दमली, तिनं पाणी पुढं केलं. राहीबाईनं ते घेतलं नाही. तिनं मागं वळून सेजलकडं पाहिलं. पोरीनं पेन वहीवर टेकवून ठेवलं होतं आणि तिच्या डोळ्यांत धास्ती होती.

उजव्या हाताचं पानी बघू नको.
ती वाट तुजी होती, आता नाय.
तुळसाच्या मागं मागं जा.
खाडी येईल, गार वारा येईल.

तुडीलपर्यंतचे तीन मुक्काम तिनं घेतले. नाळेची जागा आली. दोघांना तिथं ठेवलं, तांब्यातलं पाणी ओतलं, आणि वाट संपली. हैबतीनं तिच्या पायावर डोकं ठेवलं. दोन बायकांनी तिला धरून उठवलं.

परतीच्या गाडीला वेळ होता. आंबेनळीकडून उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला एका दगडावर आजी-नात बसल्या. सेजल वहीत उंबरपाण्याचं नाव नीट लिहीत होती. पुस्तिका परत छापायची झाली तर हे घालायचं, तिनं मनाशी ठरवलं होतं, आणि ज्यांच्याकडे जुनी गेली त्यांना स्वतः जाऊन सांगायचं. आजीला ती हे सांगत होती. आजी ऐकत होती की नाही कळत नव्हतं. तिचे डोळे गळत होते आणि ती ते पुसत नव्हती.

“सेजल,” ती म्हणाली. “माझी वाट तूच म्हनायची हाय. दुसरं कोन ऱ्हायलं नाय.”

“असं नको बोलूस गो.”

“ऐक. सगळे मुक्काम घे. सोडू नको एक बी. जिथं जिथं त्याच्यासंगं चूल मांडली तिथं त्याचं नाव घे, खरं हाय ते.” तिनं खालच्या रस्त्याकडे पाहिलं. “पन हाक मारू नको, बाय. तो तिथं नसंल.”